पाणी उतरल्यावर उघडणारी वाट

मागच्या अंकात कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाविषयी एक लहानशी नोंद या पानावर आली होती. ओहोटीचे पाणी मागे हटले की नरारा येथे समुद्राच्या तळावरून पायी हिंडता येते, एवढेच त्यात म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन द्वारकेला जाणार आहोत. परतताना जामनगरसाठी एक दिवस हातात आहे. प्रवास ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी ‘सकाळी दहाला नरारा, बाराला जेवण’ असा कार्यक्रम लिहून दिला आहे. एवढा वेळ पुरेल का? ही वाट नेमकी किती किलोमीटरची आहे?

वेळ पुरेल की नाही, हे नंतर पाहू. त्या दिवशी दहा वाजता तेथे वाट असेल का, हे आधी विचारायला हवे. डोंगरातली पायवाट आपण केव्हाही गेलो तरी जागेवर असते. नराऱ्याची वाट दिवसाचा बराच काळ पाण्याखाली असते आणि ती किती उघडेल, केव्हा उघडेल, हे चंद्र ठरवतो. म्हणून तिची लांबी किलोमीटरमध्ये सांगण्यात फारसा अर्थ नाही. चांगल्या ओहोटीला किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत जाता येते आणि वाईट दिवशी घोटाभर पाण्यात पन्नास पावले टाकून परत फिरावे लागते.

भरती आणि ओहोटी दिवसातून साधारण दोन-दोन वेळा येतात आणि दर दिवशी सुमारे ५० मिनिटे पुढे सरकतात. आज दहाला ओहोटी असेल, तर चार दिवसांनी ती दुपारी सव्वा-दीडच्या सुमारास येईल. त्याहून महत्त्वाची गोष्ट तिथीची आहे. पौर्णिमा आणि अमावास्या, व विशेषतः त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे असतात. तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच दूरवर उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. द्वारकेसाठी पुष्कळ मंडळी एकादशी गाठतात, ते योग्यच आहे. परंतु एकादशीला भांग नुकताच सरत असतो, त्यामुळे नराऱ्यासाठी ती तिथी बेताचीच म्हणावी लागेल. शक्य असेल तर द्वारका पौर्णिमेला करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नरारा गाठावे.

आणखी एक बारकावा आहे. या आखातात दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. त्यामुळे भरतीच्या तक्त्यात नुसती वेळ न पाहता समोरचा उंचीचा आकडाही पाहावा. तो जितका लहान, तितका तळ अधिक उघडा. चांगली ओहोटी ऐन रात्रीची निघाली, तर तो दिवस सोडून द्यावा. वेळ सापडली की ओहोटीच्या क्षणाच्या दीड-दोन तास आधी चालायला लागावे, उतरत्या पाण्याच्या मागोमाग आत जावे आणि ओहोटी पूर्ण झाली की, समोर कितीही मोह असला तरी, पाठ फिरवावी. येथे भरती एका रेषेत समोरून येत नाही. ती आधी खोलगट चरांमधून आत शिरते, त्यामुळे आपण पुढे पाहत उभे असताना पाठीमागच्या चरात गुडघाभर पाणी आलेले असते. वाटाड्या ‘चला’ म्हणाला की चलावे. ‘अजून एक फोटो’ ही विनंती तेथे करू नये.

नरारा वाडिनारजवळ आहे. जामनगरहून ते साधारण ६० किलोमीटर पडते आणि द्वारका-जामनगर रस्त्यावरून तिकडे वळता येते. प्रवेश वनखात्याच्या परवानगीने मिळतो, तेव्हा ओळखपत्र जवळ असू द्यावे आणि स्थानिक वाटाड्या घ्यावा. जेवणाची वेळ मात्र ओहोटीच्या वेळेप्रमाणे पुढेमागे होऊ द्यावी लागेल, हे त्या गृहस्थांना कळवून टाका.

प्रश्न : आमच्याकडे कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. तोच हिशेब तेथे चालेल का?

आपला हिशेब मोठा सुबक आहे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. दररोज पाऊण तास पुढे जाण्याची चाल त्यात अचूक पकडली आहे. पण हा आडाखा मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर बसवलेला आहे. कच्छचे आखात नरसाळ्यासारखे असून पाणी मुखातून आत शिरता शिरता अरुंद आणि उथळ होत जाणाऱ्या जागेत कोंडले जाते. त्यामुळे आखाताच्या मुखाशी असलेल्या ओख्याला भरती एका वेळी येते, तर आतल्या बंदरांना ती उशिरा पोचते आणि तेथे तिची उंचीही जवळजवळ दुप्पट होते. कोणता दिवस निवडावा हे ठरवायला आपला हिशेब पुरेसा आहे. तास आणि मिनिटे मात्र जवळच्या बंदराच्या तक्त्यातूनच घ्यावीत.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी नराऱ्याच्या चित्रफिती पाहून हरखली आहे. त्यात वाटाडे ऑक्टोपस हातावर ठेवतात आणि पफर मासा फुगवून दाखवतात. तिलाही ते हातात घ्यायचे आहे. यात काही धोका आहे का?

धोका आहे, पण तो मुलीपेक्षा माशाला अधिक आहे. पफर मासा फुगतो तो करमणुकीसाठी नव्हे. शिकारी समोर आला असता गिळला जाऊ नये म्हणून तो घटाघट पाणी पोटात भरून घेतो. त्याला पाण्याबाहेर धरले तर पाण्याऐवजी हवा आत जाते आणि ती बाहेर टाकणे त्याला जड जाते. सोडल्यावर तो पोट वर करून तरंगत राहतो आणि त्या अवस्थेत कोणत्याही पक्ष्याला सहज सापडतो. भरीस भर म्हणजे त्याच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. ते हात लावल्याने चढत नसले, तरी असा प्राणी मुलांच्या हाती देण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्याला खूश करण्यासाठी वाटाडे हे करतात, कारण पर्यटक तशी मागणी करतात. ‘भाऊ, उचलू नका, पाण्यातच दाखवा’ असे आपण पहिल्या पाच मिनिटांत सांगितले, तर बहुतेक वाटाडे सुटकेचा निःश्वास टाकतात, असा माझा अनुभव आहे.

आणि पाण्यात पाहण्यासारखे जे आहे, ते हातावर कधीच दिसत नाही. नराऱ्याला एकदा परातीएवढ्या एका डबक्याशी मी पाऊण तास बसून होतो. पाणी वीतभर खोल होते. तळाशी तपकिरी शेवाळ, दोन-चार दगड आणि एक रिकामा शिंपला, इतकेच प्रथम दिसले. मग त्या दगडांपैकी एकाने डोळा उघडला. ऑक्टोपस होता. वाऱ्याने पाणी थरथरले की त्याच्या अंगावरचा रंगही थरथरल्यासारखा बदलत होता. त्वचेतल्या रंगपेशी ताणून आणि आकसून तो हे करतो. शेवाळाजवळ सरकला तेव्हा त्याच्या गुळगुळीत पाठीवर काट्यासारखे उंचवटे आले आणि वाळूवर उतरताच ते विरून गेले. एक बाहू त्याने शिंपल्याखाली घातला, चाचपला, तेथे काही नाही अशी खात्री झाल्यावर मागे घेतला. या जिवाला तीन हृदये असतात आणि रक्तात लोहाऐवजी तांबे असल्यामुळे ते निळसर असते, ही माहिती मुलीला आधी सांगून ठेवा. मग असे एक डबके शोधून तिला उकिडवे बसवा आणि आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. हातावर घेतलेला ऑक्टोपस घाबरलेला असतो. त्याचा असला उद्योग तेथे पाहायला मिळत नाही.

समुद्रकाकडी या तळाशी राहणाऱ्या, काकडीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यालाही हात लावू नये. फार त्रास दिला तर ती स्वतःची आतडी बाहेर टाकते आणि ती पुन्हा वाढायला बराच काळ जातो. ही समुद्रकाकडी श्वसनाचे पाणी गुदद्वारातून आत-बाहेर करते, हे मुलीला सांगायचे की नाही ते आपण ठरवा; मी सांगितले त्या मुलांना बाकी सारे विसरले तरी तेवढे लक्षात राहिले. समुद्रफूल या प्राण्याचे शुंडक मऊ दिसतात, परंतु त्यांवर दंशपेशी असतात. तारामासा उन्हात धरून फोटो काढणे म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणे आहे. दगड उलटून खाली काय आहे ते पाहिले, तर तो होता तसा परत ठेवलाच पाहिजे. दगडाच्या खालच्या अंगाला राहणारे स्पंज, कृमी आणि अंडी सावलीत आणि ओलाव्यात वाढलेली असतात. उलटा राहिलेला दगड म्हणजे त्यांच्यावर थेट ऊन.

प्रश्न : पायात काय घालावे? अनवाणी चालले तर प्रवाळांना कमी इजा होईल ना?

होणार नाही, आणि पाय मात्र कापून निघेल. कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. घट्ट बसणारे, तळाला पकड असलेले, भिजले तरी चालतील असे कापडी बूट घालावेत. चपला गाळात राहतात.

इजा वाचते ती पाऊल कोठे पडते यावर. प्रवाळाचा दगड दिसतो तो त्या प्राण्यांनी साठवलेला चुनखडीचा सांगाडा असतो आणि जिवंत भाग म्हणजे त्याच्यावरचा पातळ थर. मेंदूच्या वळ्यांसारखा दिसणारा गोल प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते फार तर सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे नारळाएवढा गोळा कित्येक वर्षांची कमाई असते आणि एका टाचेखाली तिची साल निघते. वाटाड्याच्या मागे एका ओळीत, वाळूवर किंवा स्पष्ट मृत दिसणाऱ्या खडकावर पाय ठेवत चालावे. पाणी गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तेथे पाऊल टाकू नये. येथील प्रवाळ तसे चिवट आहेत. भारतातल्या प्रवाळक्षेत्रांपैकी हे सर्वांत उत्तरेकडचे. गाळाचे पाणी, वाढती क्षारता, हिवाळ्यातला गारठा, उन्हाळ्यातला ताव आणि ओहोटीला उघडे पडणे, हे सारे ते सोसतात. ही सहनशक्ती त्यांनी समुद्राच्या लहरी सोसून कमावली आहे. माणसाचे वजन त्या हिशेबात कोठेच नव्हते.

प्रश्न : मागे एकदा किनाऱ्यावरून प्रवाळाचा मेलेला तुकडा आणला होता. तो घरी ठेवणे गुन्हा आहे का?

आहे असे समजूनच वागावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना आणि समुद्रकाकड्यांना कडक संरक्षण दिले आहे, काही शंखांनाही दिले आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून नेण्यास मनाई आहे. ‘मेलेला’ ही सबब चालत नाही. रिकाम्या शंखात पुढे शंखवासी खेकडा राहायला येतो, तेव्हा तो रिकामा आहे हे आपले म्हणणे झाले. या आखातातून एकेकाळी सिमेंटसाठी प्रवाळवाळूचा उपसा होत असे, त्यापुढे एक तुकडा क्षुल्लक वाटेल. पण उपसा करणाऱ्यांनाही समुद्र अफाटच वाटला होता.

प्रश्न : मी पक्षीनिरीक्षक आहे. क्रॅब प्लोव्हर पाहण्यासाठी नराऱ्याला जावे असे ऐकले. ओहोटीला आत चालत गेल्यास तो जवळून दिसेल का?

उलट आहे. ओहोटीला पक्षीही आपल्यासारखेच उघड्या तळावर पांगतात आणि आपण एक पाऊल टाकले की ते चार पावले दूर जातात. पक्ष्यांसाठी चढते पाणी हवे. भरती जसजशी चढते, तसतसे त्यांचे खाण्याचे मैदान आखडत जाते आणि ते थव्याथव्यांनी किनाऱ्याकडे ढकलले जातात. आपण तिवरांच्या आडोशाला किंवा उंचवट्यावर गुपचूप बसून राहिलो, तर पाणीच त्यांना आपल्याकडे आणून सोडते. म्हणून एकाच दिवशी दोन्ही साधायचे असेल, तर ओहोटीला तळ पाहावा, वेळेवर परतावे आणि दुर्बीण तेव्हा बाहेर काढावी.

क्रॅब प्लोव्हर ओळखायला सोपा आहे. काळा-पांढरा, लांब निळसर राखी पायांचा आणि खेकडा फोडायला योग्य अशा जाड काळ्या चोचीचा हा पक्षी इराणचे आखात आणि तांबड्या समुद्राच्या बाजूला वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. चिखलपक्ष्यांत हा एकटाच असा की जमिनीत बीळ खोदून त्यात अंडे घालतो. तापलेल्या वाळूची ऊब अंडे उबवायला उपयोगी पडते. पिल्लू आई-बापांबरोबर स्थलांतर करते आणि पुरेसे मोठे दिसत असूनही हिवाळाभर त्यांच्यामागे चोच वासून हिंडते. ते दृश्य पाहून मला काही ओळखीची घरे आठवतात.

एक दिवस अधिक काढता आला तर खिजडिया पक्षी अभयारण्य चुकवू नये. जामनगरपासून ते दहा-बारा किलोमीटरवर आहे. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून संस्थानी काळात तेथे बांध घातला गेला. त्याच्या एका अंगाला गोडे पाणी साचले, दुसऱ्या अंगाला खाजण राहिले, आणि दोन्ही प्रकारचे पक्षी एकाच बांधावरून दिसू लागले. २०२२ मध्ये त्याचे नाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, जाहीर झाले. बांधावरची वाट सपाट आहे आणि तिला भरती-ओहोटीचे बंधन नाही. रोहित, रंगीत करकोचे आणि मोठ्या थव्यांनी उतरणारे कांड्या करकोचे पाहायला पहाटे जावे.

प्रश्न : आखातातल्या बेटांकडे पोहत जाणाऱ्या उंटांचे छायाचित्र पाहिले. राष्ट्रीय उद्यानात चराई कशी चालते?

ते खराई उंट. खाऱ्या पाण्याशी संबंध म्हणून हे नाव पडले. भरतीचे पाणी ओलांडून ते तिवरांपर्यंत पोहत जातात आणि त्यांची पाने खातात. २०१५ मध्ये त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तिवराला गुजरातीत चेर म्हणतात. त्याचे पान उलटसुलट करून पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. मुळांनी आलेले मीठ झाड पानांतून बाहेर टाकते. चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात ती त्याची श्वसनमुळे.

कायद्याचे म्हणाल तर अभयारण्यात नियंत्रित चराईला वाव असतो, राष्ट्रीय उद्यानात तो नसतो. येथे दोन्ही एकमेकांना लागून आहेत. १९८० मध्ये हा भाग अभयारण्य झाला आणि १९८२ मध्ये त्यातला सुमारे १६३ चौरस किलोमीटरचा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. ते देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. त्यात बेचाळीस बेटांचा उल्लेख नेहमी होतो. पाण्यावर रेषा आखता येत नाही आणि उंटाला नकाशा कळत नाही, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारे आणि वनखाते यांच्यात ओढाताण राहते. पाने खाणाऱ्या उंटांपेक्षा तिवर मुळासकट काढून बांध घालणारे आणि प्रवाह अडवणारे अधिक नुकसान करतात, असे माझे मत आहे; मात्र कोवळ्या रोपांच्या पट्ट्यात काही काळ चराई बंद ठेवावी लागते, हेही खरे आहे.

प्रश्न : डॉल्फिन आणि समुद्रगाय दिसतील का? पिरोटन बेटावर जाता येते का?

चालताना नाही. पाठीवर वशिंड असलेले डॉल्फिन आखातात आहेत, परंतु ते नावेतून आणि नशिबाने दिसतात. समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, समुद्रगवतावर जगते आणि फार थोडी उरली आहे. तिच्या आशेने प्रवास आखू नये. पिरोटनला नावेने जावे लागते आणि स्वतंत्र परवानगी लागते. ती नेहमी मिळतेच असे नाही, तेव्हा निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करावी.

प्रश्न : आपल्या राज्यात असे काही का नाही?

अगदीच नाही असे नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत. पण ते अभयारण्य आहे. महाराष्ट्रातली राष्ट्रीय उद्याने सगळी जमिनीवरची. शिवाय मालवणचे प्रवाळ बहुतांशी पाण्याखालीच पाहावे लागतात. पायी हिंडण्यासाठी नराऱ्यासारखा रुंद, सपाट आणि ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ तळ हवा, आणि पाणीही तितके दूर उतरायला हवे.

प्रश्न : (पहिल्याच पत्रलेखकाकडून पुन्हा) आईचे गुडघे दुखतात. ती किनाऱ्यावर एकटी कंटाळेल. तिला नेऊच नये का?

न्यावे, पण आत नेऊ नये. शेवाळावर पाय सरकतो, आधाराला काही नसते आणि परतताना घाई करावी लागली तर त्यांची फार ओढाताण होईल. एक घडीची खुर्ची, टोपी आणि पाणी देऊन त्यांना तिवरांच्या कडेला, भरतीच्या रेषेच्या वर बसवावे. समोरच्या चिखलात निवट्या असतात. कोकणातल्या माणसाला त्या खायच्या म्हणून माहीत असतात, हिंडताना फार थोड्यांनी पाहिलेल्या असतात. तोंडात आणि कल्ल्यांत पाणी धरून हा मासा चिखलावर परांच्या आधाराने सरकतो, डोक्यावरचे डोळे आळीपाळीने आत ओढून ओले करून घेतो, आणि शेजारी फार जवळ आला की पाठीवरचा पर उभारून त्याच्यावर धावून जातो. हालचाल दिसली की साऱ्या बिळांत जातात. दहा मिनिटे कोणी हलले नाही की एकेक डोके वर येते. आपण तळावर दोन तास काढून याल, तोवर कोणते बीळ कोणाचे, हे आई आपल्याला सांगू शकतील.